मेटियाबुरुजची माती

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठावर गार्डन रीच आहे. अठराव्या शतकात इंग्रजांनी इथे नदीकाठी बागबंगले बांधले, त्यावरून हे नाव पडले. त्याच भागातल्या मेटियाबुरुजचे नाव मात्र मराठी माणसाला अनुवादाशिवाय कळते. मेटियाबुरुज म्हणजे मातीचा बुरूज. तो बुरूज केव्हाच गेला, नाव राहिले. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते, आणि असे ओळखीचे शब्दच मला जास्त वेळ अडवून ठेवतात.

इथला इतिहास सांगायचा तर अवधचा नवाब वाजिद अली शाह पुढे येतो. १८५६ साली राज्य गेले, तो कोलकात्याला आला आणि फोर्ट विल्यममधली कैद सोडली तर १८८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इथेच राहिला. वाडे, इमामबाडे, प्राणिसंग्रहालय असे छोटे लखनौच त्याने उभे केले. त्यातले बहुतेक त्याच्यामागे मोडले गेले. या वैभवाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्याच्या पायाखालच्या मातीविषयी.

कोलकात्यात दगड नाही. कितीही खणा, नदीने आणलेला गाळ आणि चिकणमातीच लागते. घर बांधायचे तर वीट भाजायची, वीट भाजायची तर जमीन खणायची. म्हणजे इथल्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या वाट्याचा एक खड्डा कुठेतरी असतोच. १९५७ च्या खनिज कायद्यात साधी चिकणमाती हे ‘गौण खनिज’ आहे, तेव्हा कायद्याच्या नजरेने पाहिले तर हा खड्डा एक छोटी खाण ठरतो. खाण बंद झाल्यावर त्या जमिनीचे काय करायचे, याची दोन उत्तरे या भागाला पूर्वीपासून ठाऊक होती.

पहिले उत्तर नदीचे. गार्डन रीचला लागूनच आक्रा आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात सरकारी बांधकाम खात्याचा मोठा वीटकारखाना होता. हुगळीला दिवसातून दोनदा भरती येते. नदीकाठच्या वीटभट्टीवाले आपले खड्डे चर काढून नदीला जोडतात. पावसाळ्यात गढूळ पाणी आत शिरते, संथ होते आणि गाळ तळाशी बसतो. पावसाळा सरला की पाणी ओसरते आणि त्याच खड्ड्यात पुन्हा विटांची माती तयार असते. या गाळाला बंगालीत ‘पोलि’ म्हणतात, आपण पोयटा म्हणतो. माणसाने घेतलेली माती नदी फेडून देते. अर्थात काठापर्यंतच.

आतल्या भागाचे उत्तर वेगळे. पुराच्या मुलखात घर बांधताना आधी शेजारी खणायचे आणि त्या मातीने जोते उंच करायचे. उंच झाले ते ‘भिटे’, खोल राहिले तो ‘पुकुर’. मराठीत ‘पुकुर’साठी ‘तळे’ लिहावे लागते, पण त्या शब्दातून अंगण हरवते. पुकुर हा घराचाच भाग असतो. अंघोळ, भांडी, मासे, आग विझवायला पाणी, पावसाचे पाणी साठवायला जागा, सगळे तिथेच. चिकणमातीचा तळ पाणी धरून ठेवतो. तो खड्डा कोणी ‘भरून काढावा’ असे कुणाला वाटत नसे, कारण पाण्याने तो भरलेलाच होता.

भूमी पूर्ववत करणे म्हणजे सपाट करणे, ही समजूत शहराची. जागेला भाव आला की पाणी रिकाम्या जागेसारखे दिसू लागते. पश्चिम बंगालच्या १९८४ च्या अंतर्देशीय मत्स्य कायद्यात १९९३ साली दुरुस्ती झाली. पाच कट्ठे, म्हणजे सुमारे ३,६०० चौरस फूट किंवा त्याहून मोठे पाणी बुजवायला तेव्हापासून मनाई आहे. तरीही रात्री राडारोडा येतो, कचरा येतो, आणि काही महिन्यांत वर माती दिसू लागते. खालचा चिखल तसाच राहतो. वर भार आला की तो एकसारखा दबत नाही. पाया एका बाजूला खचतो आणि इमारत कलते.

१७ मार्च २०२४ ची मध्यरात्र. रमजान चालू होता. गार्डन रीचमधल्या आझहर मोल्ला बागान वस्तीत बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या पत्र्याच्या घरांवर कोसळली. दहाहून अधिक माणसे गेली. इमारत बेकायदा होती, हे महापौरांनीच सांगितले. ती पाणथळ जागा बुजवून बांधली होती, असे वर्तमानपत्रांत छापून आले. मेलेली माणसे त्या इमारतीत राहत नव्हती, तिच्या सावलीत राहत होती.

‘पुकुर बोजानो’ असे बंगालीत म्हणतात. आपल्या ‘बुजवणे’चाच हा भाऊ वाटतो, म्हणून अनुवाद सोपा. पण बंगालीत डोळे मिटण्यालाही तेच क्रियापद आहे, ‘चोख बोजा’. हा दुसरा अर्थ मराठीत आणता येत नाही. गार्डन रीचमध्ये मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात, कारण तळे बुजवायला आधी बऱ्याच जणांना डोळे मिटावे लागतात.

बंद पडलेल्या मातीच्या खाणीसाठी करायचे ते फार अवघड नाही. खणताना वरची सुपीक माती बाजूला ठेवायची, काठांना सौम्य उतार द्यायचा, ती माती उतारावर परत पसरायची, गवत-झाडे लावायची, पावसाच्या पाण्याला वाट ठेवायची, आणि राडारोडा येऊ द्यायचा नाही. बाकीचे काम पाणी करते. मेटियाबुरुजच्या नावातला बुरूज राहिला नाही, पण त्याच्या आसपासचे काही पुकुर अजून उघडे आहेत. जुनी वास्तू जपायचीच असेल, तर त्यांनाही त्या यादीत घ्यायला हवे.