एका नव्या पैशाचा खटला

मागणीची लवचिकता शिकवताना मी साबण-बिस्किटांच्या वाटेला जात नसे. फळ्यावर दोनच आकडे लिहायचो, 7 नवे पैसे आणि 8 नवे पैसे, आणि 'सकाळ'चा खटला सांगायचो.

नानासाहेब परुळेकरांनी 1932 मध्ये काढलेल्या या पुण्याच्या दैनिकाचा खप 1960च्या सुमारास बावन्न हजारांच्या घरात होता. किंमत 7 नवे पैसे. रविवार वगळून सहा दिवसांत मिळून 34 पाने. मग 1956च्या कायद्याच्या आधारे केंद्र सरकारचा आदेश आला : किती पानांना किती किंमत, ते आम्ही ठरवू. 7 पैसेच ठेवायचे तर 24 पाने. 34 पाने हवीत तर 8 पैसे घ्या. मोठी पत्रे स्वस्तात जास्त पाने देऊन छोट्यांना मारतात, अशी सरकारची बाजू. पर्यायी वस्तू महाग केली की गिऱ्हाईक छोट्यांकडे वळेल, हा त्यामागचा हिशेब.

एका पैशाने काय होतंय, म्हणून पोरं हसायची. टक्के काढा म्हटलं की गप्प व्हायची. चौदा टक्के वाढ! वाड्यात एकाचा पेपर चार बिऱ्हाडं वाचत. भाव चढला तर वाचणं थांबत नसे, विकत घेणं थांबे.

परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. वाचकांनीही अर्ज केले. 1961 मध्ये न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने कायद्याची ती तरतूद आणि आदेश, दोन्ही रद्द ठरवले. किंमत वाढली तर खप घटतो, पाने घटली तर मजकूर. आणि किती लोकांपर्यंत पोचायचे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येते. जाहिरातींची जागा कापली तरी किंमत वाढून गाडी तिथेच येते, हेही न्यायालयाने पाहिले. मागणीचा नियम असा थेट राज्यघटनेच्या कलम 19पर्यंत पोचला.

आता मोबाइलवर बातमी फुकट. शून्याचा एक रुपया झाला तर वाढ किती टक्के? शून्याने भागताच येत नाही, आमचं सूत्रच अडतं. वाचकाचंही तसंच : रुपया त्याला जड नाही, फुकटाची सवय सोडणं जड आहे. मग सगळं बिल जाहिरातदार भरतो, आणि बिल भरणाऱ्याची आवड आधी पाहिली जाते. 'सकाळ'च्या वाचकाचा निदान सात पैशांपुरता तरी हुकूम चालत होता.