बेथलेहेम : भाकरीचे घर आणि यात्रेकरूची नजर

तुमसर : नागपूरहून पूर्वेकडे राजनांदगावला जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातील देव्हाडी येथील तुमसर रोड स्थानकावरून जातो. १८९३ च्या सुमारास नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघालेले कवी नारायण वामन टिळक यांना रेल्वेच्या डब्यात एका मिशनरी सहप्रवाशाने 'नवा करार' भेट दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती कवितेचा एक नवा अध्याय सुरू झाला. त्या ग्रंथाच्या पहिल्याच काही पानांत ज्या गावाचे नाव येते, ते गाव म्हणजे बेथलेहेम. बहुतेक मराठी ख्रिस्ती भाविक या गावाचे दर्शन ग्रंथातूनच घेतात. मोजक्यांना तेथे प्रत्यक्ष जाण्याची संधी मिळते. जे जातात, त्यांच्या मनातील गाव आणि डोळ्यांपुढचे गाव यांत मोठे अंतर असते. या अंतराचे काय करायचे, हा प्रत्येक यात्रेकरूपुढचा खरा प्रश्न आहे.

नावाचा अर्थ

बेथलेहेम हे गाव यरुशलेमच्या दक्षिणेस अवघ्या आठ-नऊ किलोमीटरवर, यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशात वसले आहे. हिब्रू भाषेत 'बेथ-लेहेम' म्हणजे भाकरीचे घर. अरबीत त्याच नावाचा उच्चार 'बैत लह्म' असा होतो आणि त्याचा अर्थ मांसाचे घर असा लावला जातो. डोंगरउतारावरची शेते आणि त्यापलीकडे वाळवंटाच्या कडेची मेंढरांची कुरणे, अशी या गावाची रचना असल्याने दोन्ही अर्थ त्याला शोभून दिसतात.

धानाची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुमसर परिसरातील वाचकाला बायबलमधील बेथलेहेम फारसे परके वाटू नये. जुन्या करारातील रूथची कथा याच गावच्या शिवारात घडते. दुष्काळामुळे नामी नावाची स्त्री कुटुंबासह मवाब देशी जाते, तेथे पती व दोन्ही मुलगे गमावते आणि विधवा सून रूथ हिला सोबत घेऊन परत येते. परदेशी, निराधार रूथ सातूच्या कापणीच्या वेळी बवाजाच्या शेतात मजुरांच्या मागे राहून गळालेली कणसे वेचते. मराठी बायबलने यासाठी वापरलेला शब्द आहे 'सरवा'. कापणीनंतर शेतात राहिलेल्या लोंब्या वेचून घर चालविणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कथेवर भाष्याची गरज नाही. याच रूथच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मला आणि दाविदाच्या वंशात येशू, असे बायबल सांगते. येशूच्या वंशावळीत सरवा वेचणाऱ्या एका परदेशी विधवेला मानाचे स्थान आहे, ही गोष्ट बेथलेहेमच्या यात्रेकरूने विसरू नये अशी आहे.

'भाकर' या शब्दाची निवडही लक्षणीय आहे. मराठी अनुवादकांनी येशूच्या तोंडी 'पाव' न घालता 'भाकर' घातली. भात हेच मुख्य अन्न असलेल्या भंडारा जिल्ह्यातही 'पोटाची भाकर' म्हणजे उपजीविका, हे सांगावे लागत नाही.

मराठीतील बेथलेहेम

बेथलेहेमची कथा मराठी मुलखात चार शतकांपूर्वीच आली. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ख्रिस्तजन्माची कथा मराठी पुराणाच्या घाटात सांगितली. टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' हे याच परंपरेतील काव्य. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भावना होती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये त्यांचा अनुवाद प्रसिद्ध झाला.

त्यामुळे मराठी यात्रेकरू बेथलेहेमला रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्या मनात ओवी असते, गोठा असतो, गव्हाण असते. नाताळात घरासमोर गवत-मातीचा देखावा उभारून त्याने ते गाव अनेकदा स्वतःच्या हाताने घडविलेले असते.

ठेंगणा दरवाजा

प्रत्यक्षातील बेथलेहेमची पहिली शिकवण कमरेत वाकण्याची आहे. ख्रिस्तजन्म मंदिराचा, म्हणजेच चर्च ऑफ द नेटिव्हिटीचा, दरवाजा जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. घोडे व गाड्या आत घुसू नयेत म्हणून मूळचा भव्य दरवाजा टप्प्याटप्प्याने बुजविण्यात आला. भिंतीत वरच्या बाजूस जुन्या मोठ्या दरवाजाच्या खुणा दिसतात. आज त्याला 'नम्रतेचे द्वार' म्हणतात. राजा असो वा रंक, वाकल्यावाचून प्रवेश नाही.

शुभवर्तमानांत गुहेचा उल्लेख नाही. लूकने फक्त गव्हाणीचा उल्लेख केला आहे. मात्र दुसऱ्या शतकातील लेखक जस्टिन याने बेथलेहेमजवळच्या गुहेचा निर्देश केला असल्याने ही स्थानिक परंपरा बरीच जुनी ठरते. याच गुहेवर सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळात बांधलेल्या चर्चचे ३३९ मध्ये समर्पण झाले. त्याच्या नाशानंतर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात आजची वास्तू उभी राहिली. ६१४ च्या इराणी स्वारीतून ती बचावली. तेथील चित्रातील पौर्वात्य ज्ञानी पुरुषांचा पोशाख इराणी वळणाचा असल्याने सैनिकांनी तिला हात लावला नाही, अशी आख्यायिका सांगितली जाते. २०१२ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गुहेत जमिनीवर चौदा कोनांची चांदीची तारका बसविलेली आहे. येथेच ख्रिस्ताचा जन्म झाला, असे तिच्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. यात्रेकरू गुडघे टेकून तिला स्पर्श करतात. परंतु या तारकेचा इतिहास शांततेचा नाही. १८४७ मध्ये ती नाहीशी झाली आणि १८५३ मध्ये तिच्या जागी नवी बसविण्यात आली. पवित्र स्थळांवरील हक्कांवरून फ्रान्स आणि रशिया यांच्यात जो तंटा पेटला, तो क्रिमियन युद्धाचे (१८५३-५६) एक कारण ठरला.

मंदिराचा ताबा आजही ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक फ्रान्सिस्कन आणि आर्मेनियन या तीन पंथांकडे विभागलेला आहे. कोणी कोठे दिवा लावायचा आणि कोणी कोठे झाडायचे, हे ऑटोमन काळापासूनच्या जैसे थे व्यवस्थेने ठरते. डिसेंबर २०११ मध्ये साफसफाईच्या हद्दीवरून ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंमध्ये झाडूंनी हाणामारी झाली आणि पॅलेस्टिनी पोलिसांना मध्ये पडावे लागले. गळक्या छताच्या दुरुस्तीवरही तिन्ही पंथांचे वर्षानुवर्षे एकमत होत नव्हते. अखेर पॅलेस्टिनी प्रशासनाने पुढाकार घेतला आणि २०१३ मध्ये काम सुरू झाले. मंदिरासमोरच्या चौकात, पलीकडच्या बाजूस, खलिफा उमर यांच्या नावाची मशीद आहे. ख्रिस्तजन्माचा सणही येथे तीनदा येतो. पाश्चात्त्य पंथांचा २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांचा त्यानंतर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

हे सारे पाहून भाविकाच्या श्रद्धेला धक्का बसू शकतो. तो बसणे वावगेही नाही. माणसाचा अहंकार देवाच्या दारातही जोडे काढून ठेवीत नाही, हे आपल्याकडील देवस्थानांच्या वादांवरूनही ठाऊक आहेच.

जेरोमचा सल्ला

यात्रेचे मोल किती, या प्रश्नावर सर्वांत मार्मिक मत बेथलेहेमच्याच एका रहिवाशाने नोंदविले आहे. संत जेरोम ३८६ मध्ये येथे स्थायिक झाले. ४२० च्या सुमारास मृत्यू येईपर्यंत ते येथेच राहिले आणि बायबलच्या लॅटिन अनुवादाचे फार मोठे काम त्यांनी येथेच पार पाडले. रोममधील श्रीमंत घराणे सोडून आलेल्या पॉला या विदुषीने त्यांना साथ दिली. येथे मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. मंदिराच्या परिसरातील भूमिगत दालनांत जेरोम यांचे म्हणून दाखविले जाणारे दालन आजही आहे.

याच जेरोमनी एका मित्राला पत्रातून कळविले की, स्वर्गाचे दार यरुशलेमहून जेवढे उघडे आहे तेवढेच ब्रिटनहूनही आहे. पवित्र भूमीत राहण्यापेक्षा पवित्रपणे जगणे महत्त्वाचे, असा त्यांचा आशय होता. ख्रिस्ती धर्मात यात्रा सक्तीची नाही. म्हणूनच ज्याला प्रवासखर्च परवडत नाही, त्या भंडारा जिल्ह्यातील शेतमजुराची भक्ती कमी दर्जाची ठरत नाही. तीर्थात केवळ धोंडा-पाणी पाहू नये, असे बजावणाऱ्या संतांच्या मराठी मातीत हा विचार सहज रुजणारा आहे.

भिंत आणि माणसे

आजच्या यात्रेकरूला बेथलेहेममध्ये शिरताना आणखी एक वास्तू दिसते. ती कोणत्याही धर्मग्रंथात नाही. इस्राएलने २००२ पासून उभारलेली विभाजक भिंत शहराच्या उत्तर बाजूने जाते आणि काही ठिकाणी काँक्रीटची ही भिंत आठ मीटर उंच आहे. बिन्यामिनाच्या जन्मवेळी वाटेतच मरण पावलेली याकोबाची पत्नी राहेल हिची कबर म्हणून मानले जाणारे स्थळही याच भिंतीने वेढलेले आहे. आत्मघातकी हल्ले रोखण्यासाठी भिंत आवश्यक असल्याचे इस्राएलचे म्हणणे आहे. तिने जमीन, रोजगार आणि नातेवाईक तोडले, असे पॅलेस्टिनी सांगतात. परदेशी यात्रेकरूंची बस तपासणी नाक्यावरून काही मिनिटांत पार होते. बेथलेहेमच्या रहिवाशाला मात्र दहा किलोमीटरही दूर नसलेल्या यरुशलेमला प्रार्थनेसाठी जायचे तर परवाना लागतो. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस नियोजित कार्यक्रम बाजूला ठेवून या भिंतीपाशी उतरले आणि कपाळ टेकून त्यांनी मौन प्रार्थना केली. त्या दृश्याने भिंतीचा प्रश्न जगभरच्या भाविकांपर्यंत नेला.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये हे शहर पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आले. एप्रिल २००२ मध्ये सशस्त्र पॅलेस्टिनींनी ख्रिस्तजन्म मंदिरात आश्रय घेतल्याने इस्राएली सैन्याने मंदिराला ३९ दिवस वेढा घातला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मंदिर बंद करावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझातील युद्ध सुरू झाल्यावर यात्रेकरूंचा ओघ आटला. २०२३ आणि २०२४ च्या नाताळात चौकातील रोषणाई व मोठा वृक्ष उभारला गेला नाही. ऑलिव्हच्या लाकडातील मूर्ती आणि शिंपल्याच्या कोरीव वस्तू बनविणारे कारागीर, लहान हॉटेले, वाटाडे यांचा चरितार्थ यात्रेवर असल्याने भाकरीच्या घरातच भाकरीची चिंता उभी राहिली.

या सगळ्याचा सर्वांत गंभीर परिणाम लोकवस्तीवर झाला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेथलेहेममध्ये ख्रिस्ती बहुसंख्य होते. १९४८ नंतर आलेले निर्वासित, संघर्ष, बेकारी आणि स्थलांतर यांमुळे आज ते अल्पसंख्य आहेत. बेथलेहेम आणि शेजारच्या बैत जाला येथून गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे वंशज दक्षिण अमेरिकेतील चिलीत मोठ्या संख्येने आहेत. शहराचा महापौर ख्रिस्ती असावा हा दंडक आजही पाळला जातो. पण मंदिराची प्राचीन वास्तू जतन झाली आणि तेथे पिढ्यान्पिढ्या प्रार्थना करणारी कुटुंबे निघून गेली, तर मागे उरेल ते केवळ वस्तुसंग्रहालय.

दिब्रिटोंचा वारसा

ही जाणीव मराठीत ठळकपणे आणणारे लेखक म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४). वसई तालुक्यातील नंदाखाल येथे जन्मलेल्या दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. हरित वसईच्या आंदोलनात ते अग्रभागी होते. 'सुबोध बायबल - नवा करार' या त्यांच्या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या त्यांच्या पुस्तकाचे शीर्षकच बोलके आहे. एका ख्रिस्ती धर्मगुरूने ख्रिस्तभूमीवर लिहिताना केवळ पावन स्थळांची महती न गाता इस्राएल-पॅलेस्टाईन संघर्षाचा इतिहास आणि वर्तमान मराठी वाचकांपुढे ठेवले. वसईच्या पाण्यासाठी आणि जमिनीसाठी लढणाऱ्या माणसाला दूरच्या भूमीवरील पाणी आणि जमीन यांचा प्रश्न दिसावा, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

काय पाहावे?

बायबलमध्ये दाविदाची एक कथा आहे. बेथलेहेम पलिष्ट्यांच्या ताब्यात असताना त्याला आपल्या गावच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची आठवण होते. तीन वीर शत्रूची फळी फोडून ते पाणी आणतात. पण ज्यासाठी माणसांनी प्राण पणाला लावले, ते पाणी पिण्यास दावीद नकार देतो आणि परमेश्वरापुढे ओततो. आपल्या तृष्णेपेक्षा माणसांचे प्राण मोलाचे, हे त्याला त्या क्षणी उमगते.

बेथलेहेमच्या यात्रेकरूसाठी यापेक्षा चांगला मार्गदर्शक सापडणे कठीण. तारकेला स्पर्श करून, छायाचित्र काढून तासाभरात परतणाऱ्याची तृष्णा कदाचित भागते. परंतु जो एखाद्या कारागिराच्या दुकानात थोडा वेळ बसतो, स्थानिक मंडळींसोबत रविवारच्या उपासनेत उभा राहतो, शक्य असेल तर गावातच एक रात्र मुक्काम करतो आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे म्हणणे ऐकतो, त्याला ते गाव भेटते. प्राचीन नगरीचे महात्म्य तिच्या दगडांत आहे, यात शंका नाही. मात्र त्या दगडांमध्ये आजही कोणाची तरी चूल पेटते आहे, याचे भान ठेवणारी नजरच भाकरीच्या घराला न्याय देऊ शकते.