तारण काय ठेवणार?

१९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती सुरू केली. कर्ज बिनव्याजी होते. आणि घेणारा शिक्षक झाला, तर दरवर्षी दहावा हिस्सा माफ! वसुली अर्थातच फारशी झाली नाही. २००१च्या बँक-योजनेत व्याज आले, मोठ्या रकमेला तारणही आले.

हे तारण कोणापाशी असते? गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पण २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मग बँक तो गहाण कसा घेणार? जंगल सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून ही अट आहे, आणि ती हवीच. म्हणूनच इथे उच्च शिक्षणाचा खर्च सरकारनेच उचलावा, असे आम्हाला वाटते.

२०११ पर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती. त्या वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आले. तरी सिरोंच्याहून ते सुमारे दोनशे किलोमीटर. फी माफ झाली, तरी खोलीचे भाडे आणि खाणावळ उरतेच.