शुश्रूषा आणि शिवी



'शुश्रूषा' हा शब्द आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं त्याच्या मुळाकडे आपलें लक्ष जात नाहीं. 'श्रु' म्हणजे ऐकणें ह्या संस्कृत धातूपासून तो निघाला आहे व त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. शिष्यानें गुरूचें ऐकावें, त्यावरून गुरूची सेवा, आणि त्यावरून पुढें रुग्णाची सेवा, असा ह्या शब्दाचा प्रवास झाला. म्हणजे शुश्रूषा करणारी ती, कीं जी रुग्णाचें ऐकावयास तयार असते. आज मला जें सांगावयाचें आहे तें ह्याच अर्थाला धरून आहे. रुग्णाच्या व त्याच्या सोबत्यांच्या तोंडून परिचारिकेला काय काय ऐकावें लागलें, तें तिनें कसें ऐकलें, आणि तिचें स्वतःचें गाऱ्हाणें ऐकावयास कोण होतें, ह्याचा थोडा इतिहास मी आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रारंभीं आपण एका दूरच्या मुलखांत जाऊं. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, पैनगंगेच्या बाजूला, झरी जामणी नांवाचा तालुका आहे. नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. मुलूख कापसाचा; कोलाम व गोंड ह्या आदिवासींची वस्ती पुष्कळ. महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती विशेष दुर्बळ म्हणून शासनानें निराळ्या मानल्या आहेत, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची घरची भाषा कोलामी. ती द्राविडी कुळांतील. मराठीशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं.

अशा मुलखांतील एखाद्या दवाखान्यांत रात्रीं दोन वाजतां काय घडत असेल तें कल्पनेनें पाहा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून एका रोग्याला आणलें आहे. परिचारिका विचारते, "काय झालें? पोटांत काय गेलें? किती वेळ झाला?" रोगी बोलत नाहीं. ती पुन्हां विचारते. तिसऱ्या वेळीं तिचा आवाज चढतो. रोगी हट्टी आहे असें तिला वाटतें. वस्तुतः त्याला तिची भाषा पुरती कळलेली नसते. चढलेला आवाज ऐकून बरोबरचा एकजण ओरडतो, "सिस्टर, तुम्हांला माणुसकी आहे कीं नाहीं?" आणि पाठोपाठ एक शिवी येते. परिचारिका कांहीं न बोलतां सुई टोंचते, नाडी पाहते, नोंद करते. सकाळीं आठ वाजतां दुसरी बाई कामावर येते, तेव्हां चहाचा पेला हातांत घेऊन ही तिला म्हणते, "आज मला माणसांचा अगदीं वीट आला."

हें वाक्य तिनें बोलावें कीं बोलूं नये? जिनें सेवेचें व्रत घेतलें तिला रोग्याचा वीट येणें शोभतें काय? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं, आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आपणांस सव्वाशें वर्षें मागें जावें लागेल.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस ह्यांनीं ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. थोड्याच दिवसांत रोग्यांना घरांतून उचलून नगरपालिकेच्या आर्थर रोड रुग्णालयांत नेण्यास आरंभ झाला. जो आंत जाई तो बहुधा परत येत नसे, कारण रोगच तसा होता. परंतु लोकांना दिसे तें एवढेंच कीं, माणूस चालत गेला आणि प्रेत बाहेर आलें. मग अफवा उठल्या. रोग्यांना तेथें मुद्दाम मारतात, त्यांच्या देहाची मोमियाई काढतात, असें चाळीचाळींतून बोललें जाऊं लागलें. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें एक हजार गिरणीकामगारांच्या जमावानें त्या रुग्णालयावर हल्ला केला.

हे लोक स्वभावानें दुष्ट होते असें कोण म्हणेल? त्यांचा राग भीतींतून जन्मला होता, आणि ती भीति सर्वस्वीं निराधारही नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा मंजूर झाला व सरकारच्या हातीं अमर्याद अधिकार आले. पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकुमतीखालीं सोजीर घरांत शिरले, देवघर आणि स्वयंपाकघर ह्यांचा विचार राहिला नाहीं. २२ जून रोजीं रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हें सर्वांस ठाऊकच आहे. पण त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंनीं पुण्याच्या प्लेग-रुग्णालयांत स्त्रियांच्या वांट्यास येणाऱ्या वागणुकीविरुद्ध वर्तमानपत्रांतून उघड तक्रार केली, तिची आठवण आपण क्वचितच ठेवतों. रोग्याची बाजू मांडणारा तो आवाज होता, आणि तो मांडणें अवश्य होतें.

त्याच साथींत दुसरेंही एक चित्र दिसतें. सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपले पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांच्यासह पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठीं सोय केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं स्वतः उचलून आणलें. त्यांनाच रोगानें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यापाशीं शुश्रूषेचें प्रमाणपत्र नव्हतें. मात्र त्या रोग्याच्या ओळखीच्या होत्या, त्याच्या भाषेंत बोलत होत्या, आणि त्यांच्यामागें सोजीर नव्हते.

ह्या दोन चित्रांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. रोग्याचा संताप बहुधा सरकारावर, दैवावर, गरिबीवर किंवा उशिरावर असतो. परंतु तो पडतो मात्र खाटेजवळ जी उभी असेल तिच्यावर. कायदा करणारा रात्रीं दोन वाजतां भेटत नाहीं. परिचारिका भेटते.

आतां ही परिचारिका आली कोठून तें पाहूं. मुंबईचें कामा रुग्णालय १८८६ त स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं उघडलें, आणि तेथें हिंदी स्त्रियांना ह्या कामाचें शिक्षण मिळूं लागलें. पुण्यांत रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ त सेवासदन निघालें, व पुढें ससून रुग्णालयाच्या साहाय्यानें परिचारिकांचें शिक्षण तेथील कार्याचा एक प्रमुख भाग झालें. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, पांढरपेशा घरांतल्या मुली होत्या. परक्या पुरुषाचें अंग पुसावयाचें, सर्व जातींच्या रोग्यांचें मलमूत्र उचलावयाचें, रात्रपाळी करावयाची. त्या काळच्या घरंदाज समाजाला हें कसें रुचावें? तेव्हां ह्या मुलींचें प्रत्येक पाऊल जगाच्या डोळ्यांखालीं पडत असे. वॉर्डांत कोणी अपमान केला तर तो घरीं सांगावयाची सोय नव्हती, कारण "आम्हीं सांगितलें होतेंच" हें उत्तर ठरलेलें. म्हणून मुकाट्यानें सोसणें हा ह्या पेशाचा जणूं गणवेशच झाला. तें मौन त्या पिढीस आवश्यक होतें. त्या मौनानें पुढच्या मुलींसाठीं दरवाजा उघडला, हें आपण कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण एका पिढीची गरज सर्व पिढ्यांचें कर्तव्य मानण्याची चूक आपल्या हातून झाली.

परिचारिकांनीं स्वतः ती चूक लवकर ओळखली. १९०८ त हिंदुस्थानांतील शिक्षित परिचारिकांची संघटना स्थापन झाली आणि १९१० त तिनें आपलें मासिक काढलें. ज्या बायांना वॉर्डांत उलट बोलावयाची मुभा नव्हती, त्यांना निदान आपसांत बोलावयास एक पान मिळालें. १९४७ त भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा होऊन सर्व देशांत शिक्षणाची एक इयत्ता ठरविण्याचा मार्ग खुला झाला. तेथून 'नर्सबाई' ही केवळ दयाळू बाई राहिली नाहीं; ती एका शास्त्राची जाणती झाली.

ह्या शास्त्राचा शिवीशीं काय संबंध, असें आपण विचाराल. तो दाखविण्यासाठीं मी पुन्हां यवतमाळकडे येतों.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेंकडों शेतकऱ्यांना व मजुरांना विषबाधा झाली आणि सुमारें वीस माणसें दगावलीं. पीक डोक्याएवढें वाढलेलें, अंगावर साधा सदरा, आणि निरनिराळीं औषधें एकत्र कालवून केलेली फवारणी, असा तो प्रकार होता. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत खाटा भरून गेल्या.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाचें विष अंगांत भिनलें म्हणजे बाहुल्या टांचणीच्या टोंकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम ह्यांचा पूर लोटतो, छाती पाण्यानें भरते. त्यावर अॅट्रोपीन हें औषध दर कांहीं मिनिटांनीं, छाती कोरडी होऊन नाडी सुधारेपर्यंत, द्यावें लागतें. परंतु त्याचें प्रमाण अधिक झालें कीं रोग्याची त्वचा कोरडी व तापलेली होते, बाहुल्या विस्फारतात, त्याला नसलेलीं माणसें दिसतात. तो चादर ओढतो, नळ्या उपटतो, मारावयास धांवतो, आणि आयुष्यांत कधीं न उच्चारलेल्या शिव्या देतो. आतां दोन परिचारिकांची कल्पना करा. पहिलीला ती शिवी लागते आणि ती तोंड फिरवून दूर जाते. दुसरी त्याच वेळीं त्याच्या कपाळाला हात लावते, बाहुली पाहते, नाडी मोजते, आणि डॉक्टरांना कळविते कीं, "औषधाचें प्रमाण पाहावयास हवें." शिवी दोघींनीं ऐकली, शुश्रूषा एकीनेंच केली.

हें केवळ ह्या एका विषापुरतें नाहीं. रक्तांतील साखर उतरली, मेंदूला मार बसला, प्राणवायु कमी पडला, किंवा रोजची दारू अचानक तुटली, तरी माणूस असाच अद्वातद्वा बोलतो. म्हणून जाणत्या परिचारिकेच्या दृष्टीनें शिवी हें प्रथम एक लक्षण असतें, ताप किंवा सूज ह्यांसारखें. न बोलणारा रोगीही तसाच. त्याचें मौन हें ग्लानीचें आहे, भीतीचें आहे, कीं केवळ भाषा न कळल्याचें आहे, हें तिला पारखावें लागतें. झरी जामणीकडच्या रोग्याबरोबर कोलामी जाणणारें एखादें माणूस खाटेशीं उभें राहिलें, तर अर्धे 'अवघड' रोगी अवघड राहणार नाहींत. व्यावसायिक शिस्त म्हणजे दगड होणें नव्हे. आधीं लक्षण पाहणें आणि मग माणसाविषयीं मत बनविणें, ह्या क्रमाचें नांव शिस्त.

परंतु येथेंच थांबलों तर आपण परिचारिकेवर अन्याय करूं. प्रत्येक शिवी लक्षण नसते. शुद्धीवर असलेला, निरोगी, धडधाकट नातलग जेव्हां हात उगारतो किंवा अचकटविचकट बोलतो, तेव्हां तो आजार नाहीं. तो अपराध आहे. महाराष्ट्रानें हें २०१० च्या कायद्यानें मान्य केलें. वैद्यकीय सेवा करणाऱ्यांवरील हिंसेला त्यानें तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड ठरविला, आणि त्यांत परिचारिका व परिचर्येच्या विद्यार्थिनी ह्यांचा समावेश केला. पुढें कोविडच्या साथींत, २०२० त, केंद्र सरकारनें वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठीं ज्या कायद्यांत दुरुस्ती केली तो कायदा कोणता, ठाऊक आहे? तोच, १८९७ चा साथरोग कायदा. ज्या कायद्याच्या धाकानें एकेकाळीं लोक इस्पितळाला भ्याले, त्याच कायद्याला सव्वाशें वर्षांनीं इस्पितळांतील माणसांना लोकांपासून सांभाळावें लागलें. इतिहासाचा हा फेरा विचार करण्यासारखा आहे. भीति एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, परंतु मधली अढी कायम राहिली.

कायदा हात धरूं शकतो. मनावरचें ओझें त्याला उतरवितां येत नाहीं. त्यासाठीं ती सकाळची आठची वेळ आणि तो चहाचा पेला आहे. "आज मला माणसांचा वीट आला," हें वाक्य ऐकून कोणी त्या बाईला निष्ठुर म्हणूं नये. जिला रोग्याविषयीं कांहींच वाटत नाहीं, तिला वीटही येत नाहीं. मात्र ह्या मोकळीकीला दोन मर्यादा असाव्यात, आणि त्या पाळण्याइतक्या आपल्या परिचारिका सुजाण आहेत. पहिली ही कीं, रोग्याचें नांव आणि त्याचें गुपित त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊं नये. दुसरी ही कीं, तेथला स्वर परत खाटेपाशीं येऊं नये. ह्या दोन्ही सांभाळल्या, तर त्या चार कडू वाक्यांनीं पेशाला बट्टा लागत नाहीं. उलट दुसऱ्या रात्रीं पुन्हां उभें राहण्याचें बळ येतें. आणि जी सहकारिणी तें ऐकून घेते, तीही मूळ अर्थानें शुश्रूषाच करीत असते.

आपण जे शहरांत राहतों, ते केव्हां ना केव्हां अपघात-कक्षाच्या दारांत उभे राहणार आहोंत. तेव्हां आपलें माणूस खाटेवर असेल, आपला जीव कासावीस असेल, आणि आपल्यानंतर आलेल्या एखाद्याला आधीं आंत नेतील. रांग आगमनाच्या क्रमानें नसून धोक्याच्या क्रमानें लावतात, हें त्या क्षणीं आठवणें कठीण, तरीही आठवावें. जीभ सैल सुटण्यापूर्वीं समोरच्या बाईच्या पाळीचा कितवा तास चालला आहे, एवढें एकदां विचारावें. तिनें जन्मभर आपलें ऐकण्याचें पत्करलें आहे. एका प्रश्नापुरतें आपणही तिचें ऐकून घ्यावें.