परसातल्या भेंडीचा इतिहास

माहूरला येणारा यात्रेकरू रेणुकामातेचे दर्शन घेतो, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर करतो आणि तांबूलाचा प्रसाद घेऊन परततो. गावातल्या घरांमागची परसे त्याच्या नजरेस पडत नाहीत. आज मी बोलणार आहे ते या परसांबद्दल. गडकिल्ल्यांना इतिहास असतो, तसा आळ्यात लावलेल्या भाजीलाही असतो.

वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. मेथी, पालक, कोथिंबीर त्याआधीच फुलावर येऊन संपते. अशा दिवसांत परसात तग धरून ताटात भाजी पुरवते ती भेंडी. माघात बी रात्रभर भिजवून टोबायचे, मोरीचे पाणी आळ्याकडे वळवायचे, बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा आणि पाणी सांजेलाच द्यायचे, ही इथली जुनी रीत. शेजारी देवासाठी जास्वंद असते. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि आपला कापूस ही एकाच कुळातली भावंडे. फुले शेजारी ठेवून पाहिली, की नाते ओळखू येते.

या भेंडीचा जुना वैरी म्हणजे हळद्या, ज्याला कोणी केवडाही म्हणतात. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान, आणि शेवटी फळही पिवळट, निबर होते. रोग विषाणूचा आणि तो पसरवते पांढरी माशी. उष्ण, कोरड्या हवेत ही माशी फोफावते. म्हणजे ज्या दिवसांत दुसरी भाजी नाही, त्याच दिवसांत भेंडीवर घाला. या रोगाची नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यातून झाली. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा सावनी’ हा वाण दिला. तो देशभर लोकप्रिय झाला. काही वर्षे त्याने रोगाला दाद दिली नाही, पण नंतर तोही बळी पडू लागला.

यावर उत्तर निघाले आपल्या मराठवाड्यातच. परभणीत निजामाच्या काळापासून शेतीचे प्रयोग चालत. १८ मे १९७२ रोजी तिथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते वर्ष आपल्याकडे दुष्काळाचे वर्ष म्हणूनच लोकांच्या ध्यानात आहे. या विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर ‘मॅनिहॉट’ या तिच्या दूरच्या नातलगाशी केला. त्या नातलगात रोगाला तोंड देण्याची ताकद होती. अडचण अशी, की पहिल्या पिढीच्या झाडांना बी जवळजवळ धरेना. मग मिळेल त्या बियांतून रोपे करून त्यांचा पुसा सावनीशी पुन्हा पुन्हा संकर केला. ताकद नातलगाची आणि फळ भेंडीचे, असे झाड हाती येईपर्यंत निवड चालू राहिली. १९८५ साली ‘परभणी क्रांती’ हा वाण प्रसारित झाला.

घरच्या बागेच्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट अशी, की हा सरळ वाण आहे. दोन चांगल्या झाडांची फळे वाळू द्यावीत, तडकण्याआधी काढावीत, बी राखेत घोळून बाटलीत ठेवावे. पुढच्या माघात तेच बी उगवते आणि वाण तोच राहतो. हायब्रीडचे बी असे धरता येत नाही, ते दरसाल विकतच घ्यावे लागते. मात्र मधमाश्यांमुळे भेंडीत थोडीफार सरमिसळ होते, म्हणून बियाण्याच्या झाडांजवळ दुसरा वाण लावू नये.

पुढे काही भागांत परभणी क्रांतीवरही हळद्या दिसू लागला. विषाणू बदलतो, तसे वाणालाही बदलावे लागते. हे विद्यापीठ २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. संशोधकांचे काम संपलेले नाही. आपले काम मात्र साधे आहे. पिवळे पडलेले रोप पाहताच उपटून टाकावे, आणि निरोगी झाडावरची पहिली चार फळे भाजीला न तोडता बियाण्याला राखावीत. त्यातले मूठभर बी शेजारणीलाही द्यावे. एखाद्या साली आपले आळे वाळले, तर वाण तिच्या परसात जिवंत राहील.