अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम का तडकते?

ट्रायल्स बाइकवर मोठमोठ्या उड्या झेललेली फ्रेम एक दिवस साध्याच उडीत तडकते. असं का?

१८४२ मध्ये पॅरिसजवळ रेल्वे इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला आणि कितीतरी माणसं गेली. पुढे प्रशियात ऑगस्ट व्योलरने प्रयोग करून दाखवलं, की एका झटक्यात न तुटणारा धातू तेवढ्याच किंवा कमी ताणाने लाखो फेऱ्यांनंतर तुटतो. ताण ठरावीक मर्यादेखाली असला तर पोलाद टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादाच नाही! १९५४ मध्ये कॉमेट विमानं याच थकव्याने हवेत फुटली.

फ्रेममध्ये ताण वेल्डपाशी एकवटतो, शिवाय वेल्डच्या उष्णतेने तिथला धातू नरम पडलेला असतो. म्हणून राइडआधी वेल्ड पुसून नीट बघा. केसाएवढी चीर दिसली, तरी ती फ्रेम रिटायर!