अधिक चारचं कोडं

जुन्या कोडमध्ये कुठेतरी एक आकडा बसवलेला असतो. तो कुणी घातला, का घातला, हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. काढायची हिंमत कुणाला होत नाही... आणि सगळा हिशेब मात्र त्याच्यावरच चालतो! आजचा विषय असाच एक आकडा. आकडा आहे ४, आणि तो ब्रेसियरच्या मापात जाऊन बसलाय. (पुरुष मंडळींनीही वाचायला हरकत नाही. मोजमापाचीच गोष्ट आहे.)

सुरुवात आपल्या कोल्हापुरातून करू. अंबाबाईच्या देवळाबाहेर ओटीचं सामान मिळतं, त्यात नारळासोबत खण असतो. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड. पिढ्यान्‌पिढ्या तो विणला जातो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला, आणि मान त्याला आपल्याकडे. या खणाच्या जुन्या चोळीला हुक नव्हते, बटणं नव्हती. पुढची दोन टोकं छातीखाली आणून गाठ मारायची, झालं. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापूरचेच, जन्म १८६७ चा. ओटो रॉथफेल्डच्या १९२० च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातली चित्रं त्यांची. धुरंधरांची चित्रं बघताना त्या काळच्या बायकांच्या पेहरावाकडे जरूर लक्ष द्या.

गाठीची गंमत अशी की तिला नंबर नसतो. बाळंतपण झालं, आजारपण आलं, अंग भरलं किंवा उतरलं, की त्या दिवशी गाठ तेवढी सैल नाहीतर घट्ट. माप जिचं तिच्या हातात.

मग झंपर आला, ब्लाऊज आला आणि हुक आले. आधी शिंपी तसूंत मोजायचे. मुंबई इलाख्यात २४ तसूंचा एक गज, म्हणजे २७ इंच. पुढे तसू गेला, इंची टेप आली. हुक काही गाठीसारखा सरकत नाही, त्यामुळे माप नेमकं हवं. पण परक्या पुरुषानं छातीला टेप लावायची कशी? यावर घरोघरी एकच तोडगा निघाला : मापाचा ब्लाऊज! जुना ब्लाऊज पिशवीत घालून द्यायचा, 'अगदी असाच शिवा' म्हणायचं. तो काखेत काचत असला तर नवाही काचणार. कॉपी-पेस्टचा नियम आहे तो, बगसुद्धा बरोबर येतो.

हा संकोच किरकोळ समजू नका. हिंदू बायकांना बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी जाहीर भाषणात सांगून गेल्या होत्या. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी नेमलं. दुर्दैवानं रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. दुखणं घेऊन डॉक्टरपुढे जायची ही तऱ्हा, तिथे शिंप्याची काय कथा!

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण 'बॉडी'चा नंबर तिकडून आलाय. मेरी फेल्प्स जेकब या बाईंना १९१४ मध्ये ब्रेसियरचं पेटंट मिळालं. १९३२ च्या सुमारास कॅम्प नावाच्या कंपनीनं आकारांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. (आपले शिंपी ज्याला कटोरी म्हणतात, तोच हा कप.) त्या काळी पट्टा साध्या सुती किंवा साटीनच्या कापडाचा. ताणला न जाणारा. श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून छातीखालच्या मापात ४ इंच मिळवायचे, विषम आकडा आला तर ५. शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात, तेच. त्या कापडाला ते बरोबरच होतं.

पण १९५८ मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा शोधला. तोच पुढे लायक्रा या नावानं आला. कापड आपणहून ताणायला लागलं. अधिक चार मात्र तसाच राहिला.

परिणाम बघा. एका बाईचं छातीखालचं माप ३२, छातीचं ३६. जुन्या हिशेबात ३२ अधिक ४, पट्टा ३६. फरक शून्य, म्हणजे कप ए पेक्षाही लहान. नव्या हिशेबात पट्टा ३२, फरक ४ इंच, कप डी. बाई तीच, टेप तीच! ३६ चा पट्टा तिच्या पाठीवर वर सरकणार. खरा भार पट्ट्यानं पेलायचा असतो. तो सैल झाला की भार येतो खांद्यावरच्या पट्ट्यांवर. मग खांद्याला वळ, मानेला दुखणं, आणि वर 'माझं अंगच वेडंवाकडं' हा समज. काउंटरपलीकडून 'किती नंबर, ताई?' असं विचारल्यावर अंदाजे आकडा पुटपुटून पुडकं घेऊन निघायचं, तिथे अक्षराची चौकशी कोण करणार?

आणि उपाय किती साधा! कापडी टेप, आरसा आणि आतून कडी लावलेली खोली. श्वास सोडून छातीच्या अगदी खाली टेप घट्ट, पाठीमागेही सरळ रेषेत. येईल तो आकडा जवळच्या सम आकड्याला न्यायचा, तो पट्टा. मग छातीच्या सर्वात भरलेल्या भागावरून, न आवळता, दुसरं माप. दुसऱ्यातून पट्टा वजा : १ इंच ए, २ बी, ३ सी, ४ डी. डी म्हटल्यावर दचकू नका. अक्षर एकट्याचं नसतं, पट्ट्यासोबत वाचायचं असतं. ३४ बी आणि ३२ सी यांची कटोरी एकाच आकारमानाची.

कंपनीगणिक थोडा फरक पडतो, त्यामुळे हे उत्तर म्हणजे सुरुवातीचा आकडा. घालून बघायचं. नवी असताना सर्वात सैल हुकावर पट्टा नीट बसला पाहिजे, कारण वापरून तो सैलावतो. पाठीवर वर चढला तर पट्टा मोठा, काठातून अंग बाहेर आलं तर कप लहान. सहा महिन्यांनी, वजन बदललं की, बाळंतपणानंतर, परत मोजायचं. आजी-पणजीची गाठ हेच काम रोज सकाळी करत होती, आणि ती कुणाला नंबर विचारत नव्हती.